सर, मला फॉरवर्डच खेळायचंय!

दोस्तांनो, पावसाळा सुरू झाला, अकरावीचे प्रवेश आटोपले, की कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल संघाची निवड असते. देवनार, गोवंडी, मानखुर्द, चेंबूर अशा ठिकाणांहून मुलं बुटांची पिशवी खांद्याला अडकवून हजर होतात. मैदानात घोट्यापर्यंत चिखल. सर एकेकाला विचारतात, ''कुठे खेळतोस रे?'' बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, ''फॉरवर्ड, सर!''

आता गंमत बघा. संघात खेळाडू अकरा. पुढे गोल मारायला जागा दोन, फार तर तीन. मग बाकीच्यांनी काय करायचं? आठ-दहा दिवसांच्या सरावानंतर सर एखाद्याला म्हणतात, ''तू उद्यापासून बॅकला खेळ.'' झालं! स्वारी हिरमुसते. शाळेत ज्याच्या नावावर ढीगभर गोल होते, तो आता मागे उभा राहून चेंडू लांब मारणार? घरी कुणी विचारलं तर सांगायचं काय?

पण थांबा. मागे जाणं म्हणजे खाली जाणं, असं कुणी सांगितलं?

दोन मिनिटांचा हिशेब

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा. त्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू किती वेळ असतो, ठाऊक आहे? फार तर दोन-तीन मिनिटं! उरलेली ८७ मिनिटं तो चेंडूविना खेळत असतो. जागा धरणं, धावून जागा मोकळी करणं, प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणं, सोबत्याला हाक मारून सावध करणं, हे सगळं त्या वेळात चालतं. खेळाडू घडतो तो या ८७ मिनिटांत, आणि संघातली त्याची 'जागा' म्हणजे या मिनिटांत त्याने काय करायचं, याची वाटणी.

मोठ्या सामन्यांचं मैदान १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद असतं. एवढं मैदान सांभाळायचं, तर कामं वाटून घ्यायलाच हवीत. उजव्या किंवा डाव्या बॅकने समोरच्या विंगरला रोखायचं, आणि संधी मिळाली की मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन क्रॉस द्यायचा. मधल्या स्टॉपरचं काम आणखी वेगळं. त्याच्यासमोर सगळा खेळ पुस्तकासारखा उघडा असतो. म्हणून तोंड सतत चालू ठेवणं, 'मागे बघ', 'डावीकडे सरक', असं ओरडत राहणं, हे त्याचं कर्तव्यच! वर्गात बोललं की शिक्षा होते, इथे न बोललं की गोल होतो.

कॉलेजचा जर्नेल

आता एक जुनी, पण खरीखुरी हकिगत ऐका. पंजाबात माहिलपूर नावाचं गाव आहे. तिथल्या खालसा कॉलेजच्या संघात जर्नेलसिंग नावाचा एक दणकट गडी खेळायचा. पुढे तो कोलकात्याला गेला, १९५९ पासून मोहन बागानकडून खेळू लागला आणि भारताचा भरवशाचा स्टॉपर झाला. त्याला चकवून पुढे जाणं म्हणजे भिंतीतून आरपार जाण्यासारखं.

१९६२ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा होत्या. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मुळात ते शाळामास्तर. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. अशा खेळाडूला बचावात ठेवणं धोक्याचं. मग रहीम सरांनी काय केलं असेल? त्यांनी या स्टॉपरला चक्क सेंटर फॉरवर्ड केलं! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल मारला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर होता दक्षिण कोरियाचा बलाढ्य संघ. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात दुसरा मारला जर्नेलने. भारत २-१ असा जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही. २०२४ साली आलेला 'मैदान' हा हिंदी चित्रपट याच रहीम सरांवर आहे.

(एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. डोक्याला मार लागल्यावर खेळत राहणं ही बहादुरी नव्हे. आज कुठलाही शहाणा प्रशिक्षक तसं करू देणार नाही. लगेच बाहेर यायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.)

इथे शिकण्यासारखं काय? जर्नेल पुढे खेळू शकला, कारण बचावपटू कुठे चुकतो, कधी दचकतो, हे त्याला आतून माहीत होतं. मागे शिकलेलं पुढे कामी आलं.

अंधेरीतलं हेडर

आता आपल्या मुंबईत येऊ. गोवंडीहून कुर्ला, तिथून घाटकोपर आणि मग मेट्रोने आझाद नगर असं गेलं की जवळच अंधेरीचं क्रीडासंकुल लागतं. १७ मार्च २०१९ रोजी तिथे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, बंगळूरू एफसी आणि एफसी गोवा यांच्यात. ९० मिनिटं संपली, गोल नाही. अतिरिक्त वेळही संपत आला. टायब्रेकरला जेमतेम तीन-चार मिनिटं उरली असताना बंगळूरूला कॉर्नर मिळाला आणि एका खेळाडूने उंच उडी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. १-०! कोण होता तो? आघाडीवीर? छे! तो होता १९९० साली मुंबईत जन्मलेला राहुल भेके. बचावपटू!

राहुलची वाटचाल मुद्दाम बघा. मुंबई एफसी, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग २०१७ पासून बंगळूरू. कधी उजवा बॅक, कधी मधला स्टॉपर. जिथे संघाला गरज, तिथे राहुल उभा. २०१९ मध्ये, म्हणजे वयाच्या २८व्या वर्षी, तो भारताकडून पहिला सामना खेळला. लवकर संधी मिळाली नाही म्हणून त्याने खेळ सोडला नाही, बरं का!

पुढे २०२१ साली तो मुंबई सिटी एफसीत आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई १-० अशी पिछाडीवर होती. बरोबरी झाली आणि मग विजयी गोल केला पुन्हा राहुलनेच. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून मुंबईने करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता राहुल भेके. त्याच वर्षी तो पुन्हा बंगळूरूला गेला.

सर काय बघतात?

नववीत वर्गातला सर्वांत लहानखुरा मुलगा बारावीत एकदम ताडमाड होतो की नाही? कुणाचा वेग वाढतो, तर कुणाची ताकद. म्हणून शाळेतली जागा कॉलेजात बदलू शकते. सर बघतात, की दोन्ही पायांनी पास देता येतो का, उंच चेंडूचा अंदाज येतो का, आणि चूक झाल्यावर हा खेळाडू मान खाली घालतो की चेंडूमागे धावतो.

तेव्हा सरांनी जागा बदलली तर रुसू नका. सरळ तीन प्रश्न विचारा. एक, या जागेवर माझं पहिलं काम कोणतं? दोन, माझ्यात काय कमी आहे? आणि तीन, पुढच्या वर्षी संघाला माझ्याकडून काय हवं असेल? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. आजचे सीनियर उद्या पदवी घेऊन जाणार, त्यांची जागा कुणीतरी घ्यायचीच आहे. पहिल्या वर्षी राखीव बाकावर बसून ज्याने खेळ नीट पाहिला, तोच तिसऱ्या वर्षी नवख्यांना हाका मारून सांभाळून घेतो.

मैदान मिळत नसेल तर? भिंत तर आहे ना! कमजोर पायाने रोज शंभर पास भिंतीवर मारा. छोट्या दोस्तांनी मात्र हेडरचा सराव करू नये. प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडर शिकवू नये, अशी मार्गदर्शक सूचना इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० साली दिली आहे.

आईबाबांसाठी दोन शब्द

''फुटबॉल खेळून पोट भरणार का?'' हा तुमचा प्रश्न चुकीचा नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये. क्लब बंद पडू शकतात, म्हणून अभ्यासाची बाजू भक्कम हवीच. पण वाटही बंद नाही. अकरावी-बारावीला १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आहेत. पुढे कॉलेज, मग विद्यापीठाचा संघ आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. पंच, प्रशिक्षक, खेळाडूंचे फिजिओथेरपिस्ट या कामांनाही खेळ जाणणारी माणसं लागतात. मूल घरी आलं की ''किती गोल मारलेस?'' एवढंच विचारू नका. ''आज कुणाला अडवलंस? कुणाला पास दिलास?'' असंही विचारून बघा. चेहरा खुलतो की नाही, ते पाहा!

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. पुढचा सामना बघाल, तेव्हा दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. एकच बचावपटू निवडा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो किती वेळा धावतो, किती वेळा ओरडतो, किती वेळा नुसत्या जागेवर उभं राहून समोरच्याची वाट बंद करतो, हे वहीत लिहा. मग ती वही तुमच्या सरांना दाखवा आणि विचारा, ''सर, यातलं मला काय जमेल?''