प्रक्रिया झाली, तरी तलाव हिरवा का?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे लांबलचक सरोवर आहे. पलीकडच्या काठावर बेलव्ह्यू, त्याच्या पुढे रेडमंड. तिथे आज कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त राहतात आणि उन्हाळ्यात त्यांची मुलं या सरोवरात डुंबतात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र या पाण्याला दुर्गंधी येत होती.

तेव्हा सरोवरात पडणारं बहुतेक सांडपाणी कच्चं नव्हतं. काठावरच्या दहा-अकरा केंद्रांतून रोज सुमारे साडेसात कोटी लिटर पाणी प्रक्रिया होऊनच बाहेर पडे. प्रक्रिया म्हणजे काय, तर जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण कुजवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी सोडायचं. पण मलमूत्रातून आणि साबणचुऱ्यातून आलेला स्फुरद या पाण्यात विरघळलेलाच राहतो. शेतात खत म्हणून टाकतो तोच हा स्फुरद. तलावात त्यावर शेवाळाचं पीक येतं.

1955 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या गटाला इथे ऑसिलेटोरिया रुबेसन्स हे नील-हरित शेवाळ सापडलं. स्वित्झर्लंडमधलं झुरिच सरोवर बिघडलं, तेव्हाही हेच शेवाळ माजलं होतं. पुढे काय होणार, हे एडमंडसन यांनी ओळखलं.

त्यांचं एक साधन अगदी साधं होतं: सेक्की तबकडी. ताटलीएवढी ही चकती दोरीने होडीतून खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथे दोरी मोजायची. सरोवर सर्वांत वाईट अवस्थेत होतं, तेव्हा उन्हाळ्यात ती जेमतेम एक मीटरवर नाहीशी होई.

उपाय एकट्या सिअ‍ॅटलच्या हातात नव्हता, कारण काठावर अनेक छोट्या नगरपालिका होत्या. जेम्स एलिस या वकिलांनी सगळ्यांची मिळून ‘मेट्रो’ ही एकच संस्था असावी म्हणून मोहीम उघडली. मार्च 1958 मध्ये मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्यातली इतर कामं वगळून तो सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडला, तेव्हा मंजूर झाला. 1963 ते 1968 या काळात सगळं सांडपाणी मोठ्या वाहिन्यांतून वळवून प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीकडे नेलं. खाडीवर भार टाकणं हा आदर्श मार्ग नव्हे, पण सरोवर वाचलं. 1976 नंतर डॅफ्निया हे शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव वाढले आणि तबकडी सात मीटरच्या आसपास दिसू लागली.

इतक्या लवकर यश येण्याचं कारण सरोवराच्या घडणीत आहे. ते खोल आहे, नद्यांमुळे त्यातलं पाणी दोन-तीन वर्षांत बदलतं आणि तळाशी प्राणवायू टिकत असल्याने गाळातला स्फुरद गाळातच राहतो. मिनेसोटातल्या उथळ शागावा सरोवराचं तसं झालं नाही. तिथे 1973 पासून सांडपाण्यातला स्फुरद काढून टाकला जाऊ लागला, तरी तळाचा जुना गाळ तो पुन्हा पाण्यात सोडत राहिला आणि सुधारणा रखडली. आपले गावोगावचे तलाव बहुधा उथळच. म्हणूनच उशीर केला, तर तो आपल्याला जास्त महाग पडेल.

स्फुरद काढण्याचे मार्ग सर्वश्रुत आहेत. तुरटीच्या जातीचे क्षार घातले, की तो साका होऊन खाली बसतो. काही जिवाणूंना आधी प्राणवायूविना ठेवलं आणि मग हवा दिली, तर ते तो गरजेपेक्षा जास्त शोषून घेतात. पण केंद्र सरकारच्या 2017 च्या सांडपाणी-मानकांत स्फुरदाला मर्यादाच घातलेली नव्हती. तुमच्या शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी तलावात सोडलं जात असेल, तर नगरपालिकेकडे बीओडीचा, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा मागताना स्फुरदाचाही मागा.