आधी कारागीर, मग घड्याळ

जुने भिंतीवरचे घड्याळ घेणारे बहुतेक जण आधी लाकूड बघतात. कोरीवकाम शाबूत आहे का, काच मूळची आहे का, दिवाणखान्यात शोभेल का, असे प्रश्न ते विचारतात. ही घड्याळे गेली काही वर्षे हौसेने पाहत आणि चालवत आल्यावर माझे मत उलट झाले आहे. जुने घड्याळ यंत्र म्हणून घ्यावे, सामान म्हणून नव्हे. पेटी राहिली आणि यंत्र गेले, तर उरते ते काचेचे कपाट.

गोंदियाच्या संदर्भात या यंत्राला आणखी एक अर्थ आहे. त्याच्या आधी आपल्याकडे वेळ मोजायला घटिपात्र होते. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटिकांचा दिवस. ‘घड्याळ’ हा शब्दही याच घटीतून आला. मिनिटांची गरज आणली ती रेल्वेने. नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग या भागातून गेला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला आणि पुढे जबलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीमुळे गोंदिया जंक्शन झाले. तांदूळ, बिडी आणि लाकूड यांचा व्यापार गाडीच्या वेळेशी बांधला गेला.

त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मुंबईकरांना ही परकी वेळ खटके, कारण त्यांची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. गोंदियाचे मात्र वेगळे होते. गोंदिया साधारण ८०.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मद्रासची वेधशाळाही जवळजवळ त्याच रेखांशावर होती. म्हणजे फलाटावरचे घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य यांच्या सरासरी वेळेत येथे काही सेकंदांचाच फरक पडे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा मेळ मोडला. आजही गोंदियात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून नऊ मिनिटांनी.

मालगुजारांचे वाडे, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि भातगिरण्यांची कार्यालये अशा ठिकाणी जी घड्याळे येत, ती मुख्यतः तीन देशांची. अमेरिकेची अँसोनिया आणि सेथ थॉमस, जर्मनीची युंगहान्स आणि गुस्ताव बेकर, जपानची सेइकोशा. ओळख पटवताना थोडा इतिहास कामी येतो. अँसोनियाची यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत रशियाने विकत घेतली. तेव्हा खरे अमेरिकन अँसोनिया त्याआधीचेच असणार. सेइकोशा हा कारखाना किन्तारो हात्तोरी यांनी १८९२ मध्ये टोकियोत काढला. त्याआधीचे सेइकोशा असूच शकत नाही. युंगहान्सच्या यंत्रावर आठ टोकांचा तारा असतो. गुस्ताव बेकरच्या मागच्या पितळी पट्टीवर क्रमांक असतो आणि त्यावरून साल काढता येते.

म्हणून तबकडीवरच्या नावावर विसंबू नये. तबकडी बदलणे सोपे असते. यंत्र बाहेर काढून मागच्या पट्टीवरची खूण पाहावी आणि ती तबकडीशी जुळते का ते तपासावे. पेटीत जादा भोके दिसली, यंत्र बसवायच्या जागी नव्या लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या असल्या किंवा चावीची भोके तबकडीतल्या भोकांशी नीट जुळत नसली, तर दोन-तीन घड्याळांचे अवयव एकत्र केले आहेत असे समजावे. चावीच नसेल आणि लंबक नुसता शोभेला हलत असेल, तर आत सेलवर चालणारे यंत्र बसवलेले आहे. वाळवीने खाल्लेली पेटी गावच्या सुताराने सागवानात नव्याने केली असेल, तर त्याला मात्र मी खोट म्हणत नाही. ती त्या घड्याळाच्या इथल्या आयुष्याचीच खूण आहे.

यानंतर कान लावावा. ‘टिक’ आणि ‘टक’ यांतले अंतर सारखे हवे. एक लांब, एक आखूड असा लंगडा आवाज आला तर घाबरू नये. पेटी किंचित डावी-उजवी सरकवून पाहावी. ठोका समान झाला की तेथेच भिंतीवर खूण करावी. पेटी डोळ्यांना सरळ दिसण्यापेक्षा ठोका सरळ असणे महत्त्वाचे. तरीही घड्याळ थांबत असेल तर आसांची भोके झिजून लांबट झाली आहेत का ते पाहावे. चाक बोटाने हलके हलवल्यावर त्याचा आस भोकात डुगडुगला, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

टोले चुकतात म्हणून अनेक चांगली घड्याळे मोडीत निघतात. दोन चाव्यांच्या घड्याळात एक चावी वेळेची, दुसरी टोल्यांची. जुन्या पद्धतीत टोले मोजणारे चाक काट्यांना बांधलेले नसते. टोल्यांची चावी आधी संपली की काटे पुढे जातात आणि हिशेब चुकतो. तीन वाजता सात टोले पडतात ते यामुळे. टोल्यांची कळ हाताने उचलून तो पुन्हा जुळवता येतो. काटे मात्र मागे फिरवू नयेत. तासाला तितके आणि अर्ध्या तासाला एक, असे दिवसाला १८० टोले पडतात. रात्रीची झोप जपायची असेल तर टोल्यांची चावी देऊच नये. वेळ चालूच राहते.

घड्याळ चालवण्यातली खरी गोडी ऋतूंमध्ये आहे. उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडते. पोलादी दांडीचा लंबक तापमान एक अंश वाढले की दिवसाला सुमारे अर्धा सेकंद गमावतो. पौषातल्या थंडीपेक्षा वैशाखात घर वीस अंशांनी तापले, तर आठवड्याला मिनिटभराहून अधिक फरक पडतो. चकतीखालचे नट थोडे वर घेतले की घड्याळ पुन्हा जागेवर येते. आठ दिवसांच्या घड्याळाला चावी देण्याचा वार ठरलेला असावा. आमच्या घरी तो आठवडी बाजाराचा वार आहे, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. खोबरेल तेल किंवा फवारा यांपैकी काहीही आत घालू नये. आसांना घड्याळाचे पातळ तेल थेंबभर पुरते; चाकांचे दाते कोरडेच बरे. चावी भरलेली स्प्रिंग निसटली तर बोटे फोडते, म्हणून ती उघडण्याचे काम जाणत्याच्याच हाती द्यावे.

आणि मुद्दा येतो तो या जाणत्यापाशी. जुन्या यंत्राची मागची पट्टी उजेडात धरली की कधीकधी टोचणीने कोरलेल्या बारीक तारखा आणि आद्याक्षरे दिसतात. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी आपल्या कामाची ठेवलेली ती नोंद. ज्या वाड्याचे कागद उरले नाहीत, त्याच्या घड्याळात असा पुरावा सापडू शकतो. यंत्र काढून सेलचे बसवले की तोही भंगारात जातो. म्हणून घड्याळ घेताना ते कोणाच्या घरातले, कोणत्या गावचे, कोणी दुरुस्त केलेले हे विचारून लिहून पेटीत ठेवावे. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला असे घड्याळ पाठवायचे मनात असेल, तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आधी पाहावा. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास त्यात मनाई आहे.

गोंदिया, तिरोडा, आमगाव येथल्या बाजारात घड्याळाच्या दुकानात सेल आणि पट्टे सहज मिळतात. लंबकाच्या घड्याळाचे आस भरून देणारा हात मात्र शोधावा लागतो. म्हणून माझा सल्ला इतकाच की आधी असा कारागीर शोधावा, मग घड्याळ. तो वयस्क असेल तर त्याच्याकडे शिकणारे कोणी आहे का, हेही विचारावे. त्याच्याकडे वर्षाकाठी चार घड्याळे आली, तरच पाचव्या घड्याळाच्या पट्टीवर पुढची तारीख कोरली जाईल.