निसटलेल्या माशाचे वजन

‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने गळाने मासे धरणाऱ्यांची मैफल नक्कीच ऐकली असावी. हाती आलेल्या माशाचे वजन काटा सांगतो; निसटलेल्या माशाचे वजन स्मरण सांगते, आणि स्मरण फार उदार असते. दरवर्षी त्यात दोन-चार पौंडांची भर पडते. देशाने किलोग्रॅम स्वीकारून कैक दशके लोटली, तरी या मंडळींचा मासा अजून पौंडातच मोजला जातो, हे विशेष.

बेंगळुरूचे कोरमंगला आज संगणक कंपन्यांची कार्यालये, उपाहारगृहे आणि न संपणारी वाहनांची रांग यांसाठी ओळखले जाते. परंतु या उपनगरातील आणि शहरातील इतर वसाहतींतील काही घरांतून २०१२ पर्यंत हिवाळा सरला की लांब काठ्या, चक्र्या आणि नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन गाड्या कनकपुरा मार्गाने कावेरीकडे निघत. कोरमंगलाचे कावेरीशी असलेले दुसरे नाते तर रोजचेच आहे. येथील नळाला येणारे पाणी शिवनसमुद्रजवळ नदीतून उचलले जाते आणि सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून, सुमारे ५०० मीटर वर चढवून शहरात आणले जाते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये सुरू झाला. ज्या ठिकाणी हे पाणी उचलले जाते, त्याच्या खाली दोड्डमक्कळी, भीमेश्वरी आणि गॅलिबोअर येथे खडकाळ दरीतून वाहणारी कावेरी हे महसीर माशाचे माहेरघर होते.

महसीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला; पण अंगी जणू पहिलवानाचे बळ. कावेरीतील महसीरची एक जात तर या कुळाची सम्राटच. डोक्यामागे उंच उठलेले वशिंड, सोनेरी झाक असलेले रुंद खवले आणि शेपटी व पर नारिंगी. म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हान इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने २२ मार्च १९४६ रोजी कबिनी नदीत पकडलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा होता. जुन्या मापात जवळजवळ दीड मण! त्यापूर्वी १९१९ मध्ये मेजर रिव्हेट-कार्नॅक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा मासा काढला होता. सत्तावीस वर्षांनी विक्रम मोडला तो अवघ्या एका पौंडाने. ही सारी काट्यावर चढलेली वजने. यांच्याहून मोठे मासे दोर तोडून गेले, यावर गळ टाकणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा ठाम विश्वास असे.

हा विश्वास अगदीच पोकळ नव्हता, हे मासा निसटतो कसा हे पाहिले म्हणजे पटते. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, त्याहून हा प्रकार बराच वेगळा. नाचणीचे पीठ मसाला घालून शिजवायचे, त्याचा लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा गळावर थापायचा आणि तो खळाळत्या पाण्याच्या कडेला सोडायचा. मग तासन्‌तास वाट पाहणे. महसीरच्या जबड्यात दात नसतात. परंतु घशात दातांच्या बळकट रांगा असतात आणि त्यांनी तो शिंपले व खेकडे भरडतो. पोलादी गळ त्याने चिरडल्याच्या किंवा सरळ केल्याच्या कथा म्हणूनच खोट्या मानता येत नाहीत. गळ रुतताच तो प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, तिच्यात शंभरेक मीटर दोर बघता बघता सुटतो. हातांनी चक्री दाबावी तर बोटे भाजतात आणि न दाबावी तर दोर संपतो. त्यातूनही मासा थांबलाच, तर एखाद्या मोठ्या शिळेमागे तळाशी जाऊन बसतो. दोर शिळेला घासत राहतो. वर काठावर माणूस उभा, खाली मासा बसलेला, आणि दोघांमध्ये तो ताणलेला धागा. अशा वेळी स्थानिक नावाडी बांबूची गोल, टोपलीसारखी होडी (कन्नडमध्ये हरिगोलु) घेऊन प्रवाहात शिरत आणि शिळेला वळसा घालून दोर मोकळा करू पाहत. कधी तो मोकळा होई. बहुधा तुटून हाती येई. काठावर परत येते ती झिजलेल्या टोकाची दोरी. माशाचे अंग पाण्यावर क्षणभरही दिसलेले नसते. मग त्याचे वजन सांगायचे कशावरून? हाताला बसलेल्या ओढीवरून. या ओढीची साक्ष न्यायालयात टिकणार नाही, पण ज्याने ती अनुभवली तो ती विसरत नाही.

या छंदाला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, आमिष आणि गळ यांचा विचार आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी ओळींमुळे परिचित आहे. मासे धरणाऱ्यांनीही तो आपला मानावा असा आहे. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहून महसीरला जगभरच्या हौशी मंडळींपर्यंत पोहोचविले.

स्वातंत्र्यानंतर कावेरीतले मोठे मासे संपले, असा समज पसरला होता. धरणे झाली होती आणि नदीत सुरुंगाच्या दारूचे स्फोट करून मासे मारण्याची दुष्ट पद्धत बोकाळली होती. बेंगळुरूत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या संस्थेने नदीचा काही पट्टा सांभाळायला घेतला. १९७७-७८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या तीन तरुणांनी मोठे महसीर अजून शिल्लक असल्याचे दाखवून दिले. पुढे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या उपक्रमाने भीमेश्वरी, दोड्डमक्कळी आणि गॅलिबोअर येथे तळ उभारले. नियम एकच : मासा धरावा, त्याचे वजन करावे, छायाचित्र घ्यावे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडावे. पूर्वी चोरून मासेमारी करणाऱ्यांपैकी काहींना वाटाडे व राखणदार म्हणून काम मिळाले आणि सुरुंगांवर पहारा बसला.

याच नियमातून एक मोलाची गोष्ट घडली, जिची अपेक्षा कोणी केली नव्हती. गॅलिबोअरच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या गेल्या : २३,६२० तास गळ टाकून ६,१६१ मासे धरले आणि सोडले गेले. सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा बँकेच्या वाचकांना सहज उमगेल असे चित्र पुढे आले. वशिंडाच्या महसीरची संख्या घटत होती. मात्र हाती येणाऱ्या माशांचे सरासरी वजन वाढत होते. वरवर पाहता वाढते वजन ही आनंदाचीच बाब. प्रत्यक्षात जुन्या ठेवी व्याजासह फुगत होत्या आणि नवीन भरणा बंद झाला होता. लहान मासे येतच नव्हते.

त्यांची जागा घेत होता तो निळ्या परांचा महसीर, आणि येथे कथा महाराष्ट्रात येते. या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून केले. त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. काळ नदीवरील वाळणकोंड आणि वैतरणेकाठचे तिळसे येथील डोहांत देवाचा मासा म्हणून महसीर जपला जातो. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात महसीरचे कृत्रिम प्रजनन साधले. हे काम खरोखर थोर होते. तेथील पिल्ले अनेक राज्यांना दिली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू नदी समृद्ध करण्याचा होता. परंतु पाहुणा घरात रुजला आणि घरधनी मागे हटला. ही हानी कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, तर सदिच्छेने झाली, म्हणून तिचा सल अधिक आहे.

आणखी एक नवल म्हणजे ज्या माशासाठी जगभरातून लोक येत, त्याला स्वतःचे शास्त्रीय नावच नीट ठरलेले नव्हते. साइक्स यांनीच दिलेले ‘मुसुल्ला’ हे दुसऱ्या माशाचे नाव त्याला अनेक वर्षे चुकून चिकटले होते. अखेर जून २०१८ मध्ये त्याची ओळख टॉर रेमादेवी म्हणून निश्चित झाली. हे नाव त्याआधीच केरळातील पांबार नदीतल्या नमुन्यांना, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. के. रेमादेवी यांच्या सन्मानार्थ दिले गेले होते. पांबारचे पाणीही अमरावती नदीतून शेवटी कावेरीलाच मिळते. नाव मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, हा मासा जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी निळ्या परांचा महसीर मात्र संकटग्रस्तांच्या वर्गातून बाहेर पडला.

कावेरी अभयारण्यात गळ टाकणे २०१२ मध्ये थांबले. वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण तळांवरील मंडळींचा नदीवरचा पहाराही त्याबरोबर सरला आणि गॅलिबोअरची वही तेथेच थांबली. आता वशिंडाचा महसीर दिसतो तो मुख्यतः मोयार नदीच्या वरच्या भागात, तोही तुरळक.

कोरमंगलातील जुन्या शौकिनांच्या गप्पांना त्यामुळे वेगळाच अर्थ आला आहे. ज्या कथांना घरची माणसे हसत, त्यांतील वर्ष, डोह आणि पाण्याची पातळी हा तपशील आता उपयोगाचा आहे. कोणत्या सालापर्यंत दोर तुटत होते आणि कोणत्या सालानंतर ते तुटेनासे झाले, हे वहीत नाही. तेथे केवळ हाती आलेले मासे आहेत. फोटोंचे जुने संग्रहही धूळ झटकून पाहण्यासारखे झाले आहेत, कारण वशिंड आणि परांचा रंग छायाचित्रात स्पष्ट दिसतो.

भीमेश्वरीला आजही बेंगळुरूहून पर्यटक जातात. बांबूच्या त्याच गोल होडीतून नावाडी त्यांना फिरवून आणतो. गळ नेण्यास मनाई आहे.