साइडबोर्ड आणि सुताराचा सांधा

आपल्या वऱ्हाडांत पाटावर बसून जेवण्याची चाल. त्यामुळें भांड्यांस भिंतींतलें फडताळ पुरे होई. इंग्रजी भोजनगृहांत मात्र भिंतीस लागून कमरेइतकें उंच, लांबट कपाट असतें. माथ्यावर वाढण्याचीं भांडीं, खणांत सुऱ्याकांटे, खालीं बशा. हाच साइडबोर्ड.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विलायतेंत अशा सामानावर नक्षीची नुसती गर्दी झाली होती. यंत्रानें स्वस्त झालेल्या त्या सजावटीस उबगून विल्यम मॉरिस यानें १८६१ सालीं मित्रांसह स्वतःची कंपनी काढिली. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेवरून या चळवळीस ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हें नांव पडलें. अमेरिकेंत गुस्ताव्ह स्टिकली यानें तीच वाट धरिली.

यांचा साइडबोर्ड ओळखावयाचा तर सांध्याकडे पाहावें. एका लांकडाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंतून आरपार काढिलेलें असतें, आणि पुष्कळदां तें मुद्दाम उघडें ठेवितात. कपाट कशाच्या बळावर उभें आहे हें पाहणारास कळावें, हा आग्रह. आमच्या खेड्यांतील सुतारास हें तत्त्व कोणी शिकवावें लागलें नसतें. तिफणीचे सांधे व पाचरी तो कधीं झांकीत नाहीं!

मुंबईची तऱ्हा निराळी. तेथील कारागीर शिसवी साइडबोर्ड वेलबुट्टीनें मढवून टाकीत. युरोपियन व पारशी घरांत ते दिसत. देशी कारागिराच्या हाताची थोरवी जाणणारे जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ सालीं तेथील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षक होऊन आले व १८७५ सालीं लाहोरास गेले. मॉरिसला ही शिसवी नक्षी जड वाटली असती. पण ती माणसाच्या हातची, तेव्हां तिला हिणविणें त्यालाहि अवघड गेलें असतें.

त्याची खरी अडचण पैशाची होती. हातकामास वेळ लागे, म्हणून किंमत चढे. आणि ज्या सामान्य माणसाकरितां हा खटाटोप, त्याला तें सामान परवडेना. गिऱ्हाइकें बहुधा श्रीमंतच मिळालीं. याची मॉरिसला खंत होती.

आतां त्या जुन्या वस्तु संग्राहक शोधीत फिरतात. स्टिकलीच्या ओक लांकडाचा रंग वरून फासलेला नसे. बंद जागेंत अमोनियाची वाफ दिली म्हणजे लांकडांतील टॅनिनाशीं तिचा संयोग होऊन तें तपकिरी होई. पण हा पालट फार खोल जात नाहीं. नवें पॉलिश देण्याच्या हौसेनें कोणी रंधा फिरविला, तर खालचें फिकें लांकूड उघडें पडतें आणि वस्तूची किंमत तेथेंच उतरते.