इंजिन तपासणी दिवा

इंजिन तपासणी दिवा हा मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकृतीचा, पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचा इशारादर्शक दिवा होय. बोलीभाषेत त्यास चेक इंजिन लाइट किंवा नुसते 'इंजिनचा दिवा' म्हणतात. इंजिन अथवा धूरनियंत्रण यंत्रणेत बिघाड आढळल्याचे मोटारीतील नियंत्रक संगणक या दिव्याद्वारे कळवितो. तेलाचा दाब व इंजिनाचे तापमान दर्शविणारे लाल दिवे याहून वेगळे आहेत. ते लागल्यास वाहन तत्काळ थांबवून इंजिन बंद करणे आवश्यक असते.

किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा काही क्षण लागतो. ती दिव्याची स्वतःची चाचणी असते. त्या वेळीही तो लागत नसेल, तर दिवा निकामी झाला आहे किंवा कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे, असे समजावे. जुनी मोटार विकत घेताना ही साधी खूण पाहण्याजोगी असते.

इतिहास

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९८१च्या सुमारास संगणकनियंत्रित इंजिनांबरोबर असा दिवा मोठ्या प्रमाणावर वापरात आणला. कॅलिफोर्निया राज्याने १९८८च्या मोटारींपासून बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती, ओबीडी-२, लागू झाली. सर्व कंपन्यांसाठी १६ पिनांचे एकच जोडणीस्थान व समान बिघाड-संकेत तेव्हापासून रूढ झाले.

भारतात भारत स्टेज ४ मानकांबरोबर १ एप्रिल २०१० रोजी या यंत्रणेचा पहिला टप्पा आला व १ एप्रिल २०१३पासून दुसरा टप्पा लागू झाला. आरंभी ही मानके १३ शहरांपुरती होती. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर यांचा त्यांत समावेश होता, विदर्भातील एकाही शहराचा नव्हता. देशभर ती १ एप्रिल २०१७ रोजी आणि भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० रोजी लागू झाली. अमरावती (एमएच २७) व अकोला (एमएच ३०) येथे नोंदलेल्या जुन्या आणि नव्या मोटारींच्या निदानपद्धतीत त्यामुळे बराच फरक आढळतो.

कार्यपद्धती

बहुतेक बिघाड एकदा आढळल्याबरोबर दिवा लागत नाही. संगणक प्रथम तात्पुरता संकेत नोंदवितो आणि पुढील फेरीतही तोच दोष आढळल्यास दिवा लावतो. दोष दूर झाल्यावर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा सहसा आपोआप विझतो, मात्र संकेत स्मृतीत आणखी सुमारे ४० वेळा इंजिन तापेपर्यंत राहतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच दिवा विझला नाही, एवढ्यावरून दुरुस्ती चुकली असे ठरत नाही.

स्थिर जळणारा दिवा असल्यास आणि मोटार नेहमीसारखी चालत असल्यास जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. लुकलुकणारा दिवा मात्र मिसफायर दर्शवितो. अशा वेळी न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो अतितप्त होऊन आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने नवा कन्व्हर्टर फार महाग पडतो. काही शे रुपयांचा स्पार्क प्लग वेळेवर न बदलल्याने होणारे हे नुकसान आहे.

सतत लागणाऱ्या दिव्याचे निदान

बॅटरीची तार काढून दिवा घालविणे ही सर्वत्र आढळणारी पद्धत निदानाच्या दृष्टीने हानिकारक ठरते. संकेत पुसला की त्यासोबत नोंदलेली बिघाडाच्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, तापमान व इंजिनावरील भार, हीदेखील पुसली जाते. मूळ दोष तसाच असल्याने काही दिवसांत दिवा परत लागतो आणि मिस्त्रीच्या हाती काहीच राहत नाही. संकेत आधी वाचून लिहून घेणे व नंतरच पुसणे हा योग्य क्रम होय. साधा स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतो व भ्रमणध्वनीला जोडता येतो.

संकेत म्हणजे सुट्या भागाचे नाव नव्हे, ते केवळ लक्षण असते. पी ०३०३ याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे एवढाच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असलेल्या इंजिनात तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर व पहिल्याची तिसऱ्यावर बसवून पाहतात. संकेत बदलून पी ०३०१ झाला तर दोष कॉइलमध्ये आहे. तो ०३०३च राहिला तर प्लग, इंजेक्टर व शेवटी सिलिंडरमधील दाब तपासावा लागतो. या चाचणीला एक रुपयाही लागत नाही, तरीही पुष्कळदा ती टाळून चारही कॉइल बदलल्या जातात.

पी ०४२० हा संकेत कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. कन्व्हर्टर ठीक असल्यास त्याच्या मागील ऑक्सिजन सेन्सरचा विद्युतदाब जवळजवळ स्थिर असतो. तो पुढील सेन्सरप्रमाणे सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हेलकावू लागला की संगणक हा संकेत देतो. सायलेन्सरच्या जोडातील गळती किंवा बिघडलेला सेन्सर यांमुळेही तसे घडते, म्हणून कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी ती दोन कारणे वगळणे आवश्यक असते.

इंधन टाकीचे झाकण घट्ट करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो मुळात अमेरिकेतील मोटारींसाठी आहे, कारण तेथे टाकीतील बाष्पगळती तपासणारी यंत्रणा सक्तीची आहे. भारतीय मानके युरोपीय धर्तीवर आखलेली असून तीत अशी सक्ती नव्हती. त्यामुळे येथील बहुतेक मोटारींत झाकणाचा या दिव्याशी संबंध नसतो.

वऱ्हाडातील विशेष कारणे

अकोला व अमरावती येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजमधील प्रथा कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आली आहे. संगणकनियंत्रित इंजिनात तीच दिव्याचे कारण ठरते. कुलंट ठरावीक वेळेत तापत नाही, संगणक इंजिन थंड आहे असे समजून अधिक इंधन सोडतो व पी ०१२८ हा संकेत नोंदवितो. असा दिवा डिसेंबर-जानेवारीत महामार्गावर लागतो आणि उन्हाळ्यात नाहीसा होतो. त्यामुळे 'आपोआप बरा झाला' असा समज होतो व पुढील हिवाळ्यात शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. थर्मोस्टॅट परत बसविणे हाच त्यावरील उपाय होय. इंजिन खरोखरच तापत असेल तर रेडिएटर, त्याचा पंखा व कुलंटची पातळी पाहावी.

उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. क्षीण बॅटरीमुळे इंजिन सुरू करताना विद्युतदाब एकदम खाली येतो व परस्परांशी संबंध नसलेले अनेक संकेत एकाच वेळी नोंदले जातात. अशा वेळी सेन्सरांच्या मागे लागण्याआधी बॅटरी व तिची जमिनीकडील जोडणी तपासावी. शेतात किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे आणखी एक कारण आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिनावर दीर्घकाळ भार राहतो. सपाट रस्त्यावर लपलेला कॉइलचा किंवा प्लगचा दोष तेथे उघड होतो. चढावर लागणारा व उतारावर थांबणारा लुकलुकता दिवा याच प्रकारातील असतो.

भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते व ते सलग वेगाने चालविल्यासच टिकते. केवळ अमरावती-बडनेरा अशा लहान फेऱ्या करणाऱ्या मोटारीत ही क्रिया अर्धवट राहून गाळणीचा दिवा लागतो. वेळीच मूर्तिजापूर-अकोल्यापर्यंतचा सलग प्रवास झाल्यास तो बहुधा विझतो. याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम करण्यात आला होता. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र गाळणी गॅरेजमध्येच साफ करावी लागते.

इथेनॉलमिश्रित इंधन

शुद्ध पेट्रोलच्या एका भागास ज्वलनासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर संगणकास अधिक इंधन सोडावे लागते. ही वाढ त्याच्या आवाक्यातील असल्याने केवळ मिश्रणामुळे दिवा लागणे विरळाच. मात्र हवेची बारीक गळती किंवा अडखळणारा इंजेक्टर आधीपासून असेल, तर दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली जाते व हवा जास्त, इंधन कमी असल्याचा पी ०१७१ हा संकेत येतो. सीएनजी संच बाहेरून बसविलेल्या मोटारींतही तो आढळतो. संच नीट जुळविल्यास तो जातो.

पीयूसी प्रमाणपत्र

पीयूसी चाचणीत मुख्यतः सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू अथवा धूर मोजला जातो. त्यामुळे दिवा लागलेला असतानाही वाहन त्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. अमेरिकेतील अनेक राज्यांत याउलट संगणकातील संकेतच वाचले जातात व दिवा लागलेले वाहन अनुत्तीर्ण ठरते. तेथे चाचणीपूर्वी संकेत पुसूनही उपयोग होत नाही, कारण स्वयंतपासण्या अपूर्ण असल्याचे यंत्रास लगेच दिसते.