पिवळा चतुर: ना डंख, ना मुक्काम

पावसानं उघडीप दिली की यवतमाळकडच्या सोयाबीन-कपाशीच्या वावरांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. ‘हात लावू नको, शेपटीनं डसते,’ असं पोरांना हमखास बजावलं जातं. डसणार कशानं? त्याला नांगीच नसते. आपण शेपूट म्हणतो ते त्याचं पोट. नराच्या पोटाच्या टोकाला चिमटा असतो, तो मीलनाच्या वेळी मादीचं डोकं धरायला. पीक खातो हा आरोपही खोटा. डास, माश्या, चिलटं तो उडता उडता पायांत पकडतो आणि हवेतच फस्त करतो.

हा पँटाला फ्लावेसेन्स. अंग साधारण साडेचार सेंटिमीटर, सोनेरी-पिवळं, पाठीवर शेवटाकडे काळे ठिपके. डोळे वरून तांबूस, मागचे पंख बुडाशी रुंद. कुंपणाच्या तारेवर आडवा बसलेला लालभडक तो क्रोकोथेमिस सर्विलिया. त्याची मादी पिवळी, म्हणून घोटाळा होतो. अशा वेळी बसण्याची ढब पाहावी: पँटाला बसतो क्वचित, अन् बसलाच तर काडीला उभा लोंबकळतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे इथलेच रहिवासी आहेत. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला, की जिथं गोडं पाणी जवळपास नाही त्या बेटांवर दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून? 2009 साली त्यांनी उत्तर मांडलं: भारतातून, वाऱ्यावर स्वार होऊन, पूर्व आफ्रिकेकडे जाताना. जाऊन-येऊन 14 ते 18 हजार किलोमीटर, तेही सुमारे चार पिढ्यांत मिळून. निघालेला परतत नाही, त्याचे वंशज परततात.

‘चतुर दिसले की पाऊस येतो’ यात थोडं तथ्य आहे, पण उलट्या बाजूनं. पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांसोबत तोच येतो, कारण त्याला डबकी हवी असतात. पाण्याला पोट टेकवणारी मादी पाणी पीत नसते, अंडी घालत असते. त्यातून निघालेली अळी दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या धरते. तिचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकात असतात. तिथलं पाणी जोरात मागं सोडलं की ती पुढं सटकते. महिना-दीड महिन्यात, डबकं आटायच्या आत, तिला पंख फुटतात. मादीची नजर मात्र चकाकीला फसते. उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट पाणी समजून ती त्यावरही अंडी टाकते, आणि ती अर्थातच वाया जातात.