चाळिशी आणि सख्खी माणसं

मागच्या व्याख्यानात आपण निवृत्तीसाठी पैसा किती लागतो याचा हिशेब मांडला होता. आजचा प्रश्न त्याच्या थोडा अलीकडचा आहे. चाळीस ते साठ या वीस वर्षांत सगळ्यांत आधी जपायचं काय?

मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि चष्माही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं. जवळचं पाहताना ते जितकं फुगायला हवं तितकं फुगत नाही. म्हणून लांबून येणाऱ्या एसटीची पाटी आपल्याला वाचता येते, पण हातातल्या औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचता येत नाही. याला कुणाचाच इलाज नाही, चष्मा लावायचा आणि पुढे जायचं. पण या वयात आपल्या लक्षाचंही काहीसं असंच होतं. मुलीची बारावी, घराचे हप्ते, पुढची बढती, हे लांबचं सगळं स्वच्छ दिसतं. सख्खी माणसं मात्र धूसर होत जातात.

तब्येत नको का जपायला, असं कुणी म्हणेल. जपायलाच हवी. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, रोज चाला, तंबाखू सोडा. यात नवं काही नाही आणि ते सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आपण पुढे जाऊ.

१९३८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे त्याला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या अभ्यासाची जोड मिळाली. या ७२४ जणांचा माग संशोधकांनी अनेक दशकं ठेवला. त्यांच्या मुलाखती घेतल्या, रक्त तपासलं, घरच्यांशी बोलले. सध्या या अभ्यासाचे प्रमुख असलेले रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे लोक आपल्या नातेसंबंधांत समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी सगळ्यांत निरोगी होते. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून तेवढा अंदाज आला नव्हता.

आता याला दोन 'पण' आहेत. सुरुवातीचे हे सगळे पुरुष होते, आणि तेही गोरे अमेरिकन. शिवाय ज्याची तब्येत बरी त्याला नाती सांभाळणंही सोपं जातं, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे इतकं सरळ नाही. तरी इतक्या वर्षांचा हा पुरावा आपण बाजूला टाकू शकत नाही.

नाती म्हटली की नवरा-बायको आणि मुलं यांच्यावरच बोलणं होतं. आपण आज भावंडांवर बोलू. आईवडील साधारणपणे आपल्या आधी जातात, जोडीदार आयुष्यात विशी-तिशीत येतो, मुलं त्यानंतर. सुरुवातीपासून बरोबर असतात ती भावंडंच. लहानपणी घरात पाणी कुठून यायचं, आई कुणावर चिडायची, वडिलांची नोकरी गेली तेव्हा दोन महिने काय खाल्लं, हे आईवडिलांनंतर सांगू शकणारं दुसरं कोण उरतं? आणि आपल्याकडे नेमकं हेच नातं पन्नाशीच्या आसपास तुटतं. सगळीकडे नाही, पण इतक्या घरांत तुटतं की या सभागृहातल्या प्रत्येकाला एक तरी घर आठवेल.

ते तुटतं कसं, ते नीट बघू. वडील जातात. तेरावा होतो. मग सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची वेळ येते. आई, भाऊ, बहिणी, सगळ्यांची नावं चढतात, कारण वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी आणि विधवा यांचा हक्क सारखा आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मानं हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. इथवर कायदा झाला. पुढे घरात काय होतं? भाऊ बहिणीला म्हणतो, 'ताई, जरा सही करून जा, कर्ज काढायचंय.' ती सही हक्कसोडपत्रावरची असते.

बहीण का सही करते, हे आपल्याला ठाऊक आहे. नाही केली तर माहेर तुटेल, भाऊबीजेला कुणी बोलावणार नाही. आणि सही करूनही मनात राहतंच, कारण तिला कुणी विचारलेलं नसतं, फक्त कागद पुढे केलेला असतो. भावाच्याही बाजूनं एक गोष्ट आहे. पंधरा वर्षं आईवडिलांचं आजारपण त्यानं आणि वहिनीनं काढलेलं असतं, आणि त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो. दोघांचंही खरं असतं. म्हणूनच हे भांडण इतकं चिवट होतं.

आमचं स्पष्ट मत आहे की हे बोलणं आईवडील हयात असतानाच व्हायला हवं आणि ते सुरू करायचं काम चाळिशी-पन्नाशीतल्या मुलांचं आहे. त्यांना मरणाची घाई झालीय असं वाटेल, ही भीती खोटी नाही. पण मृत्युपत्र ही फार अवघड गोष्ट नव्हे. ते साध्या कागदावर लिहिता येतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. लिहिणाऱ्याची सही आणि त्याच्यादेखत झालेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बँकेत नॉमिनी लावलाय, आता कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्यानं तो त्यांचा मालक होत नाही. ज्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून होतं त्याला हे माहीत नसतं आणि बहिणीलाही नसतं. मग दोघं वकिलाकडे भेटतात.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली अशी: 'सहा वर्षं भावाशी बोलणं नाही. आधी कोण बोलणार?' ज्याला ही चिठ्ठी लिहावीशी वाटली, त्यानंच. पहिल्या फोनला जमिनीचा विषय काढू नका. आईच्या हातची एखादी भाजी कशी करायची ते विचारा, जुना फोटो कुणाकडे आहे ते विचारा. फोन दोन मिनिटांत संपला तरी चालेल, पंधरा दिवसांनी परत करा. व्हॉट्सअॅपवर नको. दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, की सहाची सात वर्षं होतात.

दुसरी चिठ्ठी साक्षीदारांबद्दल आहे: 'धाकट्या भावाला साक्षीदार केलं तर चालेल का?' त्याला वाटा मिळणार असेल तर करू नका, उद्या संशयाला जागा राहते. शेजारचे घ्या, घरचे डॉक्टर घ्या. आणि वयानं आपल्यापेक्षा लहान बघा, म्हणजे गरज पडेल तेव्हा सांगायला ते असतील.